नोरा ओ देत नाही

"ओठ मिटलेले ठेव, शरयू," वसुधा काचेपलीकडून म्हणाली. "नोरा ह्या सीनमध्ये बोलत नाही. मला तुझा फक्त श्वास हवाय."

मी हेडफोन नीट बसवले आणि पडद्याकडे पाहिलं. एक भलंमोठं यान सूर्यापासून कुठेतरी लांब बंद पडलंय. त्याच्या बोळात नोरा नावाची बाई एकटीच उभी आहे. तिच्यासमोर जाड लोखंडी दार, दाराबाहेर काळीकुट्ट पोकळी, आणि त्या पोकळीतून रेडिओवर कुणीतरी तिला हाका मारतंय. सिनेमा इंग्रजी होता. एका चॅनेलला तो मराठीत हवा होता आणि नोराचा आवाज मी देत होते. माझं वय तेव्हा छपन्न, नोरा पस्तिशीची असेल. आवाजाला सुरकुत्या पडत नाहीत असं वसुधा म्हणायची, आणि त्या दिवसांत मला ते फार ऐकावंसं वाटायचं.

वसुधा कर्णिक म्हणजे डबिंगची दिग्दर्शिका, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. तिच्या शेजारी यंत्रावर इनामदार बसायचे. अंधेरीतल्या एका इमारतीच्या तळघरात तो स्टुडिओ होता. काचेच्या आत मी आणि माइक, बाहेर ते दोघं. माझं बोलणं त्यांना ऐकू जायचं, पण त्यांनी बटण दाबलं तरच त्यांचं मला ऐकू यायचं. नाहीतर त्या खोलीत इतकी शांतता असे की आपल्या पोटातली गुरगुरसुद्धा ऐकू यावी.

सिनेमा तसा माझ्या प्रकृतीचा नव्हता. मी जन्मभर राण्या, सासवा आणि कार्टूनमधल्या खारी केलेल्या. अंतराळ, राक्षस, रक्ताच्या चिळकांड्या, असलं काही दिसलं की मी चॅनेल बदलायची. पण ह्या सिनेमाने मला धरून ठेवलं. त्यातल्या भयंकर गोष्टीला धड रूपच नव्हतं. ती आवाज चोरायची. यानातलं एकेक माणूस मरायचं आणि मग त्याच माणसाच्या आवाजात रेडिओवरून हाक यायची. जो उत्तर देईल त्याचा आवाज ती उचलायची, आणि मग त्यालाही. वाचायचा उपाय एकच, हाकेला उत्तर द्यायचं नाही. मला गुहागरची आत्या आठवली. रात्री कुणी हाक मारली तर तीन हाका होईपर्यंत ओ देऊ नये, असं ती आम्हाला दटावायची. मी हे वसुधाला सांगितलं तर तिने लगेच संवादात घातलं, 'ओ देऊ नकोस, नोरा.' भूत कोकणातलं असो की आकाशातलं, जात एकच.

नोराचा कॅप्टन होता होल्ट. दोघांचं एकमेकांवर प्रेम. होल्ट दुरुस्तीसाठी यानाबाहेर जातो आणि थोड्या वेळाने त्याच्या आवाजात हाका यायला लागतात. हा होल्ट आहे की त्याचा आवाज चोरलेलं ते, हे नोराला कळायला मार्ग नाही.

होल्टचा आवाज आमच्या ह्यांचा होता.

हे म्हणजे मोरेश्वर केतकर, माझे यजमान. तीस वर्षं आम्ही दोघं ह्याच धंद्यात. हल्ली डबिंगला कुणी कुणासमोर उभं राहत नाही. ज्याने त्याने आपापल्या वेळी यायचं, काचेच्या खोलीत एकट्याने आपली वाक्यं बोलायची, दुसऱ्याची आधी झालेली असतील तर ती हेडफोनवर ऐकायची, आणि जायचं. प्रेमाचे, भांडणाचे, मरणाचे, सगळे प्रसंग असे एकेकट्याने. वसुधाने ह्यांना सकाळची वेळ दिली होती आणि मला दुपारची. आम्ही जिन्यातसुद्धा भेटू नये अशी तिने तजवीज केली होती, कारण मी ह्यांच्याशी बोलत नव्हते. आठ महिने झाले होते.

आता कारणही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल पोळी करपली म्हणून रुसले. एका मोठ्या पौराणिक मालिकेतल्या राणीला मी तीन वर्षं आवाज दिला होता. तिचा दुसरा भाग आला तेव्हा काम एका नव्या मुलीला गेलं. मला वाईट वाटलं, पण धंदा म्हटला की हे चालायचंच. पुढे एका लग्नात त्या मालिकेचा निर्माता भेटला आणि माफी मागता मागता बोलून गेला की माझी नमुन्याची रेकॉर्डिंग केतकरांनाच ऐकवली होती, आणि केतकरच म्हणाले, 'शरयूचा आवाज थकलाय आता. धार गेली.'

तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. परक्याने म्हटलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. ज्या माणसाला मी स्वैपाकघरातून हाक मारली की तो हातातलं वर्तमानपत्र टाकून उठायचा, त्याने चार लोकांत माझ्या आवाजाची किंमत केली. आवाजाखेरीज माझ्याकडे होतं काय? रूप बेताचं, शिक्षण बेताचं. घरी आले, ओट्याशी भांडी विसळत होते, हे मागे येऊन उभे राहिले. मी नळ चालू ठेवूनच म्हटलं, "आवाज थकलाय ना माझा? मग आता त्याला विश्रांती." आणि गप्प झाले.

दोन दिवस हे मागे मागे फिरले. काय झालं, काय झालं, म्हणाले. मी मनात म्हटलं, वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ते हेच. इतकं स्पष्ट सांगूनही पुन्हा विचारतात. मी तोंड फिरवलं. मग तेही गप्प झाले. अबोला एकट्याने धरता येतो, पण टिकवायला दोघं लागतात.

तुम्ही कधी दोन खोल्यांच्या घरात अबोला पाळलाय का? पहिला महिना मजा वाटते. आपण जिंकतोय असं वाटतं. पानं मी वाढायची आणि ताट टेबलावर आपटायची, म्हणजे जेवायला या. हे यायचेच नाहीत. टीव्हीसमोर बसून राहायचे, आणि टीव्ही इतका मोठ्याने की वरच्या मजल्यावरचे पाध्ये काठी आपटायचे. हे मला डिवचायला चाललंय, असं मला वाटायचं. मग मी टीव्हीसमोर जाऊन उभी राहायची, तेव्हा उठायचे. समोरासमोर बसून जेवायचो, मी आमटीकडे बघत, आणि हे माझ्याकडे बघत. ते बघणं मला असह्य व्हायचं. मी ताट घेऊन ओट्याशी उभ्याने जेवायला लागले.

पुढे पुढे मजा गेली. मी दूधवाल्याशी गरजेपेक्षा जास्त बोलायला लागले. चुकीच्या नंबरवरून फोन आला तर त्याला कुठून बोलताय, तिकडे पाऊसपाणी काय म्हणतंय, विचारायची. संध्याकाळी दिवा लावताना शुभंकरोती म्हणायची ती मनात, कारण मोठ्याने म्हटली तर ह्यांना आवाज मिळेल. हसू नका. माणूस हट्टाला पेटलं की देवालासुद्धा वेठीला धरतं.

शेवटी मी ठरवलं. माझी थोरली बहीण, माई, नाशिकला एकटी राहते. तिला फोन केला की हा सिनेमा संपला की मी येते, कायमची. माई म्हणाली, ये, पण विचार करून ये. मी म्हटलं, विचार करायलाच आठ महिने घेतले. बॅग भरून पलंगाखाली ठेवली होती. त्या दुपारी नोराचे शेवटचे प्रसंग होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझी नाशिकची गाडी होती. ह्यांना सांगायचा प्रश्नच नव्हता, बोलतच नव्हतो तर सांगणार काय.

तर तो श्वासाचा सीन.

"होल्टचा ट्रॅक देतोय, वहिनी," इनामदार म्हणाले. रेकॉर्डिंग सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. नोरा दाराजवळ सरकली. हेडफोनमध्ये आधी नुसती खरखर आली आणि मग, अगदी कानाच्या पाळीशी, ह्यांचा आवाज.

"अगं, मी आहे. मीच आहे. ऐकतेस ना? दार उघड."

मी श्वास घ्यायलाच विसरले. वाक्य होतं, 'नोरा, मी आहे.' कागदावर तसंच होतं. इंग्रजी सिनेमातला कॅप्टन आपल्या बाईला 'अगं' म्हणेल का कधी? 'अगं' म्हणणारा माणूस जगात एकच. तीस वर्षांत त्याने मला नावाने हाक मारलेली मला आठवत नाही.

"अगं," पुन्हा आला तो आवाज. "इथे फार अंधार आहे गं. बोल की काहीतरी."

नोरा पडद्यावर तोंडावर हात दाबून उभी होती. मीही तशीच उभी होते. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. काय पण डोकं लढवलंय, म्हटलं. घरात तोंड उघडायला जीभ झडते, आणि इथे दुसऱ्याच्या तोंडून, दुसऱ्याच्या पैशांनी माझी समजूत घालताहेत. सीन संपला. काचेपलीकडे वसुधा हातवारे करून सांगत होती की फार छान झालं, असाच श्वास हवा होता.

त्या सिनेमाचा शेवट मला माहीत होता. नोरा दार उघडत नाही. ओसुद्धा देत नाही. हाका मंद होत जातात आणि थांबतात. मग तिला कळतं की तो खराच होल्ट होता. ती वाचते, यान पुन्हा सुरू होतं, आणि त्या अवाढव्य यानात ती एकटीच पृथ्वीकडे निघते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं होतं, बरं झालं, जिवंत तर राहिली.

मी हेडफोन काढून बाहेर गेले. हे काय चालवलंय, म्हणून वसुधाला विचारलं. तिला वाटलं मी कामातल्या चुकीबद्दलच बोलतेय.

"अगं हो, ते 'अगं' बदलायचंय," ती म्हणाली. "सगळ्या टेकमध्ये तेच म्हणून ठेवलंय त्याने. मी बटण दाबून ओरडतेय, नोरा म्हण, नोरा म्हण, ह्याचं आपलं चालूच. काल माझे गुडघे दुखत होते म्हणून उठून आत गेले नाही, नाहीतर नेहमीसारखी समोर उभी राहून सांगितलं असतं. आज चारला बोलावलंय त्याला. तू त्याच्याआधी नीघ."

"समोर उभी राहून कशाला?" मी विचारलं.

वसुधाने इनामदारांकडे पाहिलं. इनामदार उगाचच यंत्रावरची धूळ पुसायला लागले.

"वसुधा, समोर कशाला उभं राहावं लागतं?"

"तुला माहीत नाही?" ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "शरयू, तू त्याच्या घरात राहतेस."

इनामदारांनी काही न बोलता खणातून हेडफोनची एक वेगळी जोडी काढली. केतकरसाहेबांची, म्हणाले. माझ्या हातात दिली आणि आत्ताच झालेला माझा श्वास त्यात लावला. मी ते कानाला लावले न लावले तोच झटकन काढले. वादळ घुसावं तसा माझाच श्वास कानात घुसला होता. साध्या माणसाचे कान फुटतील इतका आवाज. हे रोज असा ठेवतात का, मी विचारलं. इनामदारांनी मान हलवली.

मग वसुधाने खाली बसवून सांगितलं. दोन-अडीच वर्षं ह्यांना ऐकू कमी येत चाललं होतं. ह्या आजारात बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज आधी जातात म्हणे, पुरुषांचे मागाहून. ह्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. तीस वर्षं पडद्यावरच्या ओठांकडे बघून बोललेला माणूस, समोरच्याचे ओठ दिसले की निम्मं त्याला तसंच कळायचं. उरलेलं अंदाजाने. धंद्यात बभ्रा झाला असता तर दुसऱ्या दिवशी काम बंद. वसुधाच्या ते लक्षात आलं, तेव्हा ह्यांनी तिच्याकडून शपथ घेतली होती.

मी ऐकत होते आणि एकेक गोष्ट आपोआप जागेवर जात होती. राणीच्या आवाजाची नमुन्याची रेकॉर्डिंग कुठल्यातरी ऑफिसातल्या साध्या स्पीकरवर ऐकवली असणार. माझा आवाज मंद झालाय, बोथट झालाय, असं त्यांना खरोखरच वाटलं असणार. आणि मी जे एकच वाक्य बोलले होते ते ओट्याकडे तोंड करून, नळ चालू ठेवून. आठ महिने ह्यांना आपला गुन्हा काय हेच माहीत नव्हतं. मी नुसता आवाज बंद केलाय असं मला वाटत होतं, पण मी तोंडही फिरवलं होतं. जेवताना माझ्याकडे टक लावून बघायचे, ते मी काही बोलतेय का हे बघत होते.

आता सगळं माझ्या पदरात टाकू नका. सांगायला काय धाड भरली होती ह्यांना? नवरा-बायकोत लपवण्यासारखं काय असतं ह्यात? मी वसुधाला तेच विचारलं. जगाला नाही तर नाही, मला का नाही सांगितलं?

"मीही हेच विचारलं होतं," वसुधा म्हणाली. "तर म्हणाला, कळलं की ती माझ्याशी ओरडून बोलायला लागेल. तिचा आवाज मला ओरडलेला नकोय."

इनामदारांनी पाण्याचा पेला पुढे केला, तो मी तसाच हातात धरून बसले. शेवटी वसुधाने घड्याळाकडे पाहिलं आणि चार वाजत आल्याचं सांगितलं. मी उठले, आणि जिन्याकडे न जाता पुन्हा काचेच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. वसुधाने काय करतेस असं हातानेच विचारलं. मी माइककडे बोट दाखवलं.

हे आले. नेहमीचा खादीचा झब्बा, कॉलर मागून वळलेली. आठ महिन्यांत ती नीट करायला कुणी नव्हतं. इनामदारांनी त्यांची जोडी त्यांच्या कानावर चढवली, तेव्हा ते नवलाने बघायला लागले. ते बाहेर आणि आत दुसरंच कुणी, असं कधी झालं नव्हतं. वसुधा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, सावकाश काहीतरी बोलली आणि बाजूला झाली. मग त्यांनी काचेतून मला पाहिलं.

ते एकदम म्हातारे दिसले. घरात रोज बघत होते की मी त्यांना, पण बघत कुठे होते. त्यांचा हात उगाचच हेडफोनकडे गेला, काढून ठेवावे की काय असं त्यांना वाटलं असणार. सगळं उघड झालंय हे त्यांना कळलं होतं. चोरी पकडल्यासारखे ते नुसते उभे राहिले.

मी आठ महिने भाषणं तयार करून ठेवली होती. रात्री पडल्या पडल्या एकेक वाक्य धार लावून ठेवलं होतं. त्यातलं एकही आठवलं नाही. लाल दिवा लागला. मी माइकजवळ सरकले, तोंड बरोबर काचेसमोर आणलं, केस कपाळावरून मागे सारले. ओरडायचं नाही, एवढंच मनाशी घोकत होते. घरात दुपारी चहा झाल्यावर मी हाक मारायची, तेवढाच आवाज.

"अहो," मी म्हटलं.

ह्यांनी डोळे मिटले. दोन्ही हातांनी हेडफोन कानावर घट्ट दाबून धरले आणि तसेच थांबले. मग डोळे उघडून काहीतरी बोलले. बटण कुणी दाबलं नव्हतं, त्यामुळे मला काही ऐकू आलं नाही. पण मीही त्याच धंद्यातली. ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले, उघडले.

पुन्हा म्हण.

ऐकू आलं नाही म्हणून म्हणाले की ऐकू आलं म्हणून म्हणाले, हे मी त्यांना आजपर्यंत विचारलेलं नाही. मी पुन्हा म्हटलं.